वाइओला एकटी नाचली तेव्हा

शाळेचा खर्च कमी करायचा म्हटलं की कात्री कुठे लागते, हे तुम्हा-आम्हाला नव्यानं सांगायला नको. गणिताला कुणी हात लावत नाही, इंग्रजीला तर नाहीच. सामोआतल्या सावाई बेटावरच्या त्या शाळेतही तेच झालं. अनुदान आटलं, गावच्या समितीनं मान डोलावली आणि मुख्याध्यापक इओसेफोंनी नाच-गाणं शिकवणाऱ्या फिलेमूबाईंना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. गळकं छप्पर, सोडून जाणारे शिक्षक आणि समितीची बोलणी यांनी पार पिचून गेला होता.

"बाई, या वर्षापासून तुमचा तास बंद."

"मग पोरांना नाच कोण शिकवणार?"

"घरी शिकतील की! आपण कुठे शाळेत शिकलो? आजूबाजूला बघत बघतच आलं ना?"

"आजूबाजूला आहे कोण, सर? तुमच्याच घरचं बघा. तुमच्या लेकीची, वाइओलाची, आई न्यूझीलंडला फळं खुडायला, मामा ऑस्ट्रेलियात. तुम्ही घरी येता ते पेंगत. पोरीनं बघायचं कुणाकडे, भिंतीकडे?"

इओसेफोंना राग आला, कारण ते खरं होतं. "आधी पोटाचं बघू द्या, बाई! नाच काय पळून जातोय?"

"जातोय, सर. आवाज होत नाही म्हणून तुम्हाला कळत नाही," बाई म्हणाल्या आणि आपली चटई गुंडाळून निघून गेल्या.

वर्ष रेटत रेटत सरलं. बक्षीस समारंभाचा दिवस आला. शेवटी तौआलुगा हा नाच व्हायचा. त्याशिवाय सामोआत कुठला समारंभ संपत नाही. यंदा मधे नाचायचा मान वाइओलाचा होता. पोरगी महिनोन्‌महिने फोनवर बघून शिकली होती. खोबरेल तेलानं चमकणारे हात तिनं उचलले आणि इओसेफोंचा ऊर भरून आला. बघा, बाईंवाचून काही अडलं का?

पण थोड्याच वेळात त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. वाइओलाभोवतीचं अंगण रिकामं होतं. या नाचात मधली मुलगी संथ आणि डौलात नाचते, आणि बाकीच्यांनी तिच्याभोवती मुद्दाम वेडंवाकडं नाचायचं असतं, आरोळ्या ठोकायच्या, तिच्या पायाशी लोळण घ्यायची. आपण गबाळं दिसायचं, म्हणजे ती खुलते. वर्गातली मुलं मात्र फोन उंच धरून गप्प उभी होती. बिचाऱ्यांचा तरी काय दोष! त्यांनी नाच पाहिला तो फोनवर, आणि तिथे फक्त मधली मुलगीच दिसते. भोवती लोळायचं असतं हे त्यांना सांगणार कोण?

वाइओला नाचता नाचता अडखळली. तिनं एकवार बापाकडे पाहिलं. इतक्या माणसांत पोर एकटी पडली होती!

मागच्या चटईवरून फिलेमूबाईंचा आवाज आला, "सर, बसलात काय? तरुणपणी तुमच्याइतकं वाईट कोणी नाचत नव्हतं!"

इओसेफो उठले. पाद्रीसाहेब बघत होते, समिती बघत होती, गळ्यात टाय होता. "चू-हू!" अशी आरोळी ठोकून त्यांनी हात-पाय फेकले आणि धाडकन मुलीच्या पायाशी अंग टाकलं. मग म्हाताऱ्या बायका हसत सुटल्या, दोघी-तिघी उठून नाचू लागल्या, मुलांनी फोन खिशात टाकले आणि सरांचं बघून जमेल तसं लोळायला सुरुवात केली. वाइओलाची मान ताठ झाली. ती हसली, आणि आता कुठे ती खरी नाचू लागली.

धुळीनं माखलेले इओसेफो धापा टाकत समितीपुढे उभे राहिले. "बाईंचा तास पुन्हा सुरू होईल. पैसे नाहीत, ठाऊक आहे मला. माझ्या पगारातून देईन. चूक माझी होती!"

ते मागे वळले. "येणार ना, बाई?"

फिलेमूबाईंनी हळूच मान हलवली. "मंगळवारच्या विमानानं न्यूझीलंडला जातेय, सर. सफरचंदं भरायचं काम आहे. सही करून बसलेय."

"पण मी आत्ता..."

"हो, आत्ता," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, फक्त थकवा होता. "वर्षभर वाट पाहिली तुमची. आता तुम्हीच शिकवा. लोळता तर येतंच तुम्हाला."

इओसेफोंना हसू आलं आणि डोळेही भरून आले.

नवीन वर्षी शाळेत नाचाचा शेवटचा तास मुख्याध्यापक घेतात. त्यांची कंबर धरते, अर्ध्या चाली आठवत नाहीत, आणि ज्या आठवत नाहीत त्या म्हाताऱ्या बायकाही विसरल्यात; विचारायला आता गावात कुणी नाही.

वाचकहो, अनुदान आज ना उद्या पुन्हा मिळतं, छप्परही नवं घालता येतं. पण शिकवणारं माणूस एकदा निघून गेलं की नुसत्या पश्चात्तापानं परत येत नाही. तुमच्या शाळेत असा एखादा तास बंद करायचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी एवढंच विचारा: हे शिकवणारं दुसरं कोण उरलंय?