कुमुदसाठी माइक

"पंखा बंद! श्वास रोखा दोघी!"

बळवंतराव कारखानीसांच्या चिमट्यात एक गोल फिल्म होती. दुधावरच्या सायीहून पातळ, वर सोन्याचा मुलामा, आणि नखरेल इतकी की घामाचं बोट लागलं तरी संपली. बारीक भोकं पाडलेल्या पितळी चकतीवर ती ढोलकीच्या कातड्यासारखी ताणायची होती. ऑगस्ट महिना, नोएडातला चौथ्या मजल्यावरचा कोराकरकरीत फ्लॅट, अन् पंखा बंद!

"बाबा, माइक बनवताय की बॉम्ब, यार?" अकरावीतली मयुरा फिसकन हसली.

"हसवू नकोस गं," कुमुदताई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "तीन फिल्मा गेल्यात. ही चौथी गेली तर आपल्याला घराबाहेर काढतील."

बळवंतरावांनी एकतीस वर्षं रेडिओ स्टेशनात यंत्रं दुरुस्त करण्यात काढली. तिथला जुना, बल्बसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा जर्मन माइक त्यांनी इतक्यांदा उघडून जोडला होता की आतला तारेचा तुकडान् तुकडा पाठ. नवी यंत्रं आली, तो माइक भंगारात गेला, त्याच वर्षी हेही रिटायर झाले. आता तस्साच माइक ते आठवणीतून घडवत होते. व्हॉल्व्ह लजपतराय मार्केटमधून शोधलेला, ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळलेला, नळकांडं फरिदाबादच्या लेथवाल्याकडून करून घेतलेलं.

घाई होती. कुमुदताईंच्या घशात कॅन्सर होता आणि बावीस तारखेला स्वरयंत्रच काढून टाकणार होते. पंचवीस वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज. बावीसनंतर तो नसणार.

"अहो, शोकेसमध्ये टेपरेकॉर्डर आहे ना? त्यातच बोलते की," त्या रोज म्हणायच्या.

"त्यात तू पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी वाटतेस. तो तुझा आवाजच नव्हे."

"लेकीला ओळखू आला म्हणजे झालं."

"कुमुद, अजून नऊ दिवस आहेत."

कुमुदताईंनी कॅलेंडरच्या पाठीवर यादीसुद्धा करून ठेवली होती, काय काय बोलायचं त्याची. सगळ्या मावशा-आत्यांची नावं, अळूवडीचं प्रमाण, मयुराच्या जन्माची हकिगत, आणि सगळ्यात शेवटी, "मयू, ऊठ, सात वाजले."

चौदाला संध्याकाळी व्हॉल्व्ह तांबूस उजळला. बळवंतरावांनी माइक रिळाच्या रेकॉर्डरला जोडला आणि हेडफोन चढवले.

"बोलू?" कुमुदताईंनी विचारलं.

एवढाच शब्द. पण केवढा! त्यात ओठ सुटल्याचा आवाज होता, घोगरेपणाखालची जुनी गोलाई होती. जणू कानाला ओठ लावून बसल्या होत्या. बळवंतरावांचे डोळे भरले. आणि मग त्यांना आवाजाखाली विजेची बारीक गुणगुण ऐकू आली.

"थांब. गुणगुण येतेय."

"येऊ दे हो. यादी हातातच आहे, वाचते."

"गुणगुणीसकट? जन्मभर परक्यांचे आवाज स्वच्छ दिले मी, अन् तुझाच तेवढा घाण देऊ? उद्या सकाळी, बिल्कुल पहिलं काम."

रीळ फिरलंच नाही.

सकाळी सोल्डरिंगची कांडी तापायला लावली, तोच लाइट गेली. पाठोपाठ शेजारच्या भाटियाभाभी धावत आल्या. यांचे फोन त्यांच्याकडेच यायचे.

"भाईसाहब, अस्पताल से फोन था. बेड खाली हुआ है, अभी भर्ती करना है. ऑपरेशन कल ही होगा."

मयुरानं शोकेसमधला टेपरेकॉर्डर ओढून काढला. सेल कधीचे पाझरून गंजले होते.

रिक्षात कुमुदताईंनी यादी उघडली आणि दिल्लीपर्यंत मोठमोठ्यानं वाचली. दोन्ही बाजूंनी ट्रक घोंगावत होते. मयुरा आईच्या तोंडाशी कान नेऊन बसली होती, तरी निम्मं कळलंच नाही. बळवंतराव पलीकडे मांडीवर बॅग धरून समोर बघत राहिले.

त्यानंतर दीड महिना मयुरा बापाशी कामापुरतंच बोलली.

ऑक्टोबरात एका दुपारी गुणगुण गेली. अर्थिंगची एक तार हलवावी लागली, बस. वीस मिनिटांचं काम. बळवंतराव हेडफोन लावून नुसते बसले होते. कुमुदताई येऊन माइकसमोर बसल्या. गळ्याच्या भोकातून येणारा-जाणारा त्यांचा श्वास माइकनं जसाच्या तसा दिला, जराही खरखर नाही.

कुमुदताईंनी वहीत लिहिलं, 'गेली?'

बळवंतरावांनी होकारार्थी मान हलवली.

कुमुदताईंनी नवऱ्याच्या कानावरचे हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावले, माइक त्यांच्याकडे वळवला आणि लिहिलं, 'आता तुम्ही बोला.'

मयुरा दाराशी येऊन उभी राहिली. बळवंतरावांनी घसा खाकरला. एकतीस वर्षं ते रोज माइकसमोर उभे राहिले होते, पण फक्त तपासायला. मग खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यायची.

"एक, दोन, तीन," ते म्हणाले आणि थांबले.

कुमुदताईंनी हातानं खूण केली, पुढे.

"चार," बळवंतराव म्हणाले.