अलार्म कोणाचा, सेल कोणाचा

बळवंतरावांची मुलगी राजनंदिनी कॅनडात राहायची. २००५ साली ती सुट्टीला बडोद्याला आली, ती धुराचे दोन अलार्म घेऊन. कारेलीबागेतल्या त्या बिल्डिंगमध्ये बळवंतरावांचे दोन फ्लॅट होते. तळमजल्यावर ते स्वतः राहत, दुसऱ्या मजल्यावरचा भाड्याने दिलेला. तिने दोन्ही स्वयंपाकघरांत एकेक अलार्म लावला आणि ती परत गेली.

वरच्या फ्लॅटमध्ये मंदाकिनीताई एकट्या राहत आणि गणिताच्या शिकवण्या घेत. त्यांनी मिरचीची फोडणी घातली की अलार्म किंचाळायचा. मग त्या टॉवेलने वारा घालत तो गप्प होईपर्यंत उभ्या राहायच्या. समोरच्या गॅलरीतल्या बेन विचारायच्या, "आजे शुं बनाव्युं?"

पुढे सेल संपत आला आणि अलार्म सारखा टुकटुक करू लागला.

"बळवंतराव, तेवढा सेल बदलून द्या."

"तुम्हीच बदला की."

"अलार्म तुमचा, छत तुमचं. मी का बदलू?"

"छत माझं, पण धूर तुमचा," बळवंतराव म्हणाले.

दोघंही हटेनात. शेवटी बळवंतरावांच्या पत्नी मथुराबाई वैतागून वर गेल्या, स्टुलावर चढल्या आणि नवा सेल घालून आल्या. "आता भांडा निवांत," त्यांनी दोघांनाही सांगून टाकलं.

एका दुपारी अलार्म पुन्हा वाजला. बळवंतराव पेपर वाचत होते. नेहमीसारखा थांबेल म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही, पण आवाज थांबेचना. तेव्हा ते जादा किल्ली घेऊन वर गेले. मंदाकिनीताई कोथिंबिरीची जुडी हातात धरून बंद दारासमोर उभ्या होत्या. भाजीवाल्याकडे म्हणून त्या खाली उतरल्या होत्या आणि मागे वाऱ्याने दार आपटून लॅच लागलं होतं.

"गॅसवर तेल आहे," त्या एवढंच म्हणाल्या.

दार उघडलं तर धुराचा लोट बाहेर आला. कढईतल्या तेलाने पेट घेतला होता. बळवंतरावांनी गॅस बंद केला आणि पाण्याच्या कळशीला हात घातला.

"पाणी नको, भडका उडेल," म्हणत मंदाकिनीताईंनी कढईवर परात पालथी घातली. ज्वाळा विझल्या. भिंत तेवढी काळी झाली.

थोड्या वेळाने दोघं मथुराबाईंकडे चहा घेत बसले. "आज तो अलार्म नसता तर," मंदाकिनीताई म्हणाल्या. मग त्यांना आठवलं. "तुमचा मात्र कधी वाजलेला ऐकला नाही."

"वाजेल कसा?" मथुराबाई म्हणाल्या. "झोपमोड होते म्हणून यांनी पहिल्याच आठवड्यात सेल काढून ठेवलाय."

बळवंतरावांनी बशीत मान घातली. मंदाकिनीताईंना हसू आवरेना. मग तिघंही हसत सुटले.

त्याच संध्याकाळी बळवंतराव मांडवीच्या बाजारात जाऊन सेल घेऊन आले. वरचा अलार्म त्यांनी स्वयंपाकघरातून काढून बाहेरच्या पॅसेजमध्ये लावला, म्हणजे फोडणी घातली की तो ओरडणार नाही. सेल बदलणं घरमालकाकडे आणि दर महिन्याला बटण दाबून बघणं भाडेकरूकडे, असं ठरलं. खालचं बटणसुद्धा आपणच दाबणार, असा मंदाकिनीताईंनी आग्रह धरला.

पहिल्या तपासणीला त्या नेमक्या बळवंतरावांच्या वामकुक्षीच्या वेळी आल्या. अलार्म दणदणीत वाजला.

"चालू आहे," त्या समाधानाने म्हणाल्या.

"कळलं," आतल्या खोलीतून बळवंतराव म्हणाले.