मास्तरांनी मला खणात टाकले

मित्रांनो, मी रक्तदाब मोजणारे एक जुने यंत्र आहे. माझ्या पट्ट्याची शिवण उसवली, तेव्हा मास्तरांनी ती स्वतः घातली. मास्तर म्हणजे आमच्या घरातले शिंपी. रोज सकाळी ते मशीनवर बसण्याआधी बाही वर करत, मी त्यांचा दंड आवळे आणि आकडा दाखवी. मग ते गोळी घेत. "गुणी आहे हो हे," असे ते त्यांच्या बायकोला, काकूंना म्हणत.

एकदा त्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. पांढरा कोट घातलेला माणूस सांगत होता, की बीपीच्या गोळ्यांनी मूत्रपिंडे सडतात. त्या सोडा आणि आमचे चूर्ण घ्या.

"बाबा, हा कुठला डॉक्टर? नावही सांगत नाही," मुलगी म्हणाली. "आणि खाली चूर्ण मागवायचा नंबर दिलाय."

"लाखो लोकांनी बघितलंय. ते सगळे खुळे का?"

"बघितलंय म्हणजे बरे झाले असं नाही ना. आपल्या डॉक्टरांना एकदा विचारू या."

"ते गोळ्याच घ्या म्हणणार."

मास्तरांनी गोळ्या सोडल्या. माझा आकडा चढू लागला. त्यांनी सेल बदलले, आकडा तोच.

"डोकं दुखत नाही, चक्कर नाही. बीपी वाढेल कशानं? हे यंत्रच कामातून गेलंय," असे म्हणून त्यांनी मला रिळांच्या खणात टाकले. मुलगी वाद घालून थकली आणि गप्प बसली.

मित्रांनो, त्या अंधारात मी किती तळमळलो! मला ओरडता येत नव्हते. वर मशीन चालू असे आणि मी नुसता कान देऊन असे.

एका दुपारी कात्री खाली पडली.

"अहो, तोंड असं वाकडं का झालंय? बोला ना काहीतरी," काकू ओरडल्या.

रक्तदाब वाढून पक्षाघात झाला होता. मास्तर वाचले. पण उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. आता गोळ्या पुन्हा सुरू आहेत आणि काकू रोज त्यांच्या डाव्या दंडाला मला बांधतात. आकडा बरा येतो. शिलाई मशीनवर मात्र चादर टाकलेली आहे.

परवा मुलीने विचारले, "बाबा, मी तुम्हाला हाताला धरून डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं का हो?" मास्तर ओठ हलवत राहिले. शब्द काही फुटला नाही.

मित्रांनो, घरात कुणी असे ऐकून औषध सोडू लागले, तर सांगणारा कोण आणि तो काय विकतो, हे आधी बघा. एकदा सांगून गप्प बसू नका. रागावले तरी चालेल, त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. मला फक्त आकडा दाखवता येतो. तुम्हाला बोलता येते.