पिंपातलं इंधन

माझा दीर दोन दिवसांच्या शिबिराला काय गेला, शास्त्रज्ञ होऊनच परतला. आमच्या तेलगिरणीतला टाकाऊ गाळ, ज्याला बघून भंगारवालासुद्धा नाक मुरडतो, त्यापासून म्हणे हा इंजिनाचं इंधन करणार. सासरे हुरळले. "इंजिन त्यावर चाललं तर गिरणीची किल्ली तुझी," म्हणाले. नवरा गेल्यापासून ती किल्ली माझ्या कमरेला होती. गिरणी मीच चालवत होते, पण ते कुणाच्या गावीही नव्हतं.

गाळाच्या पिंपात नुसतं तेल नसतं. काहीही फेकायचं नाही, ही सासऱ्यांची शिस्त. त्यामुळे फरशी धुतलेलं तेलकट पाणीही आम्ही त्यातच ओततो. मी दिराला सांगितलं, "भाऊजी, आधी तापवून पाणी उडवा. ओल्या तेलात कॉस्टिक सोडा घातला की साबण होतो."

"वहिनी, तुम्ही मशीनचं बघा. केमिस्ट्री माझ्यावर सोडा."

सोडली. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणाऱ्याला कोण अडवणार? त्याने पांढरा कोट चढवला, पिंपात कॉस्टिक आणि मिथेनॉल ओतलं आणि दांडक्याने ढवळत सासऱ्यांना पृथ्वी वाचवण्यावर व्याख्यान झोडलं. वर जे काही तरंगलं, ते फडक्यातून गाळून इंजिनाच्या टाकीत भरलं.

नळीत उरलेल्या डिझेलवर इंजिन जरा धडधडलं. दिराची छाती फुगली. मग इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. झाकण काढलं तर टाकीत पिवळट, बुळबुळीत लगदा. सासऱ्यांनी थोडा हातावर घेऊन पाण्याने चोळला, तर फेस आला. मला हसू आवरेना. मी चांगली खदखदून हसले.

सासऱ्यांनी हात पुसला आणि माझ्यापुढे पसरला. "किल्ली दे. पोरगं धडपडतंय तरी. शेवटी घरचा मुलगा आहे."

म्हणजे इंजिन चालो न चालो, किल्ली त्याचीच ठरलेली! मला फार लागलं ते, खोटं कशाला बोलू. मी कमरेची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली.

तेवढ्यात दीर चुळबुळत म्हणाला, "वहिनी, तेवढं इंजिन खोलून साफ करून देता? उद्या माल येतोय."

इंजिन खोलायचे पाने माझे होते, माझ्या फिटर वडिलांनी दिलेले. मी पान्यांची पेटी उचलली.

"किल्लीने खोला," म्हटलं, आणि बाहेर पडले.