लाल दोऱ्याची पिन

माझ्या काउंटरच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याने बांधलेली सिमकार्ड काढायची पिन असते. असायची, म्हणायला हवं. त्या दुपारी पाहिलं तर नुसता दोरा लोंबत होता, आणि तोही कात्रीने कापलेला.

आमच्या शेन्झेनच्या या बाजारात जगात नसेल ते मिळतं. फोनची काच, फोनचं कव्हर, फोनचं पोट, फोनचा आत्मासुद्धा कुणीतरी विकत असेल. प्रत्येक नव्या फोनच्या खोक्यात ही पिन फुकट येते. पण हवी असते तेव्हा एकाच्याही हाताशी नसते. सगळे खोक्याबरोबर ती फेकून देतात आणि मग माझ्याकडे येतात, "थानताई, जरा पिन." जरा म्हणून नेलेली पिन परत आली तर शपथ. म्हणून तर मी तिला बांधून घातली होती.

एरवी मी दोन शिव्या घालून विसरले असते. पण समोर छिंगशान चेपलेला फोन पुढे करून उभा होता.

छिंगशान आमच्या मजल्यावर हातगाडीने खोकी वाहतो. त्याची बायको फंग्यिंग दिवसाआड डायलिसिसवर असते. सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला होता, किडनी जुळतेय असं वाटतंय, दुपारी पक्कं सांगू, फोन हातात ठेवा. याने तो इतका हातात ठेवला की गाडी वळवताना हातातून सुटला आणि त्याच्याच गाडीचं चाक त्यावरून गेलं.

"ताई, फोन मेला. सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून द्या. लवकर!"

"अरे, माझ्या फोनवरून हॉस्पिटलला लाव की."

"लावला ना लिफ्टमनच्या फोनवरून! वॉर्डातली बाई म्हणते, तो फोन वेगळ्या ऑफिसातून येतो आणि कागदावरच्या नंबरावरच येतो. नाही उचलला तर यादीतल्या पुढच्या पेशंटला."

मी काउंटरखालून एक जुना, चालू फोन काढला. आता हवी होती फक्त पिन. स्टेपलरची पिन सरळ करून घातली, ती वाकली. दातकोरणं घातलं, ते तुटलं. चाकाखाली फोनची कड चेपली होती, सिमचा ट्रे आत घट्ट अडकून बसला होता. त्याला खरी, ताठ पिनच हवी होती.

आणि वेळ होती दुपारच्या झोपेची. जेवण झालं की आमचा अख्खा मजला झोपतो. घडीच्या खाटा उघडतात, दुकानांवर चादरी पडतात, दिवे अर्धे होतात. त्या वेळी कुणाला उठवणं म्हणजे त्याच्या ताटातला घास ओढणं. आणि चादर घातलेल्या दुकानाला कुणी हात लावत नाही, मालक नसला तरी. समोरच्या चादरीखाली पिनांच्या पिशव्याच्या पिशव्या होत्या, मला ठाऊक होतं. त्या दुकानाचा मालक जेवायला गेला होता. मी चादरीपर्यंत हात नेला आणि मागे घेतला. इतक्या वर्षांची सवय अशी एका मिनिटात सुटत नाही.

मग मला तो कापलेला दोरा पुन्हा दिसला आणि डोक्यात तिडीक गेली. शेजारचा खुआंग! फोन दुरुस्त करणारा, कात्री कायम खिशात बाळगणारा खुआंग.

मी त्याच्या खाटेला लाथ मारली.

"आग लागली काय?" तो दचकून उठला.

"लागेल तुझ्या दुकानाला! माझी पिन काढ."

"कसली पिन?"

"खुआंगकाका," छिंगशान रडकुंडीला आला होता, "फंग्यिंगच्या किडनीचा फोन येणार आहे हो."

खुआंगचा चेहरा उतरला. शर्टाच्या खिशातून त्याने पिन काढली. लाल दोऱ्याचं टोक तिला अजून चिकटलेलं होतं. "नखं साफ करायला घेतली होती," तो पुटपुटला, आणि दोन्ही फोन माझ्या हातातून हिसकावून घेतले. "तू सरक. हे रोजचं आहे माझं. डोळे मिटून करतो."

आणि खरंच न बघता केलं त्याने. आमच्याकडे सगळे असंच करतात, बोटाने भोक चाचपायचं आणि खुपसायचं. चेपलेल्या फोनचा ट्रे त्याने झटक्यात बाहेर काढला. जुन्या फोनला पिन लावली, 'टच्' असा बारीक आवाज आला. तो क्षणभर थांबला. मग बाजूच्या भोकात पिन घालून ट्रे काढला आणि सिम बसवलं. मी त्या आवाजाबद्दल विचारणार होते, तेवढ्यात फोन वाजला.

"हॅलो! हॅलो, मी छिंगशान!"

"हॅलो?" बाईचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. "हॅलो, आवाज येत नाहीये."

"मी बोलतोय! ऐका ना!" तो ओरडला. झोपलेली माणसं उठून बसली.

"आवाज येत नाही. मी आणखी एकदा लावते. नाहीतर पुढच्या नावाला फोन करावा लागेल."

फोन कट झाला. मी फोन उलटा करून पाहिला. ट्रेच्या भोकाशेजारी माइकचं भोक असतं. खुआंगने आधी पिन तिथे खुपसली होती.

"अरे मेल्या, माइक फोडलास!"

 छिंगशान खाली बसला. मी भिंतीवरचा माइकवाला इअरफोन ओढला. त्याचं प्लास्टिकचं पाकीट फाटेना. नखाने नाही, कात्रीने करायला गेले तर कात्री निसटली. शेवटी दातांनी फाडलं, ओठ कापला. वायर फोनला लावली आणि फोन वाजला.

छिंगशानला उठवून एक बोंड मी त्याच्या कानात कोंबलं, दुसरं माझ्या. वायर आखूड होती, म्हणून आम्ही डोक्याला डोकं लावून उभे होतो.

"छिंगशान बोलतोय! ऐकू येतंय का?"

"हो, आता येतंय," बाई म्हणाली. "पेशंटला लगेच घेऊन या. काही खायला देऊ नका. येताय ना?"

"येतो! निघालोच!"

"बरं झालं उचललात. यादीत तुमच्या आधी दुसरं नाव होतं. सकाळपासून लावतोय, त्यांचा फोनच लागत नाहीये. म्हणून तुम्हाला."

छिंगशानने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो फोन आणि इअरफोन घेऊन धावतच सुटला. खुआंग त्याच्यामागे ओरडत होता, माझी स्कूटर घे, माझी स्कूटर! अख्खा मजला हसत होता, टाळ्या वाजवत होता. कुणीतरी माझ्या ओठाला लावायला कागदी रुमाल दिला.

मी तो हातातच धरून उभी राहिले. शहरात कुठेतरी आणखी एक फोन बंद पडला होता, आणि त्या घरात बहुतेक आत्ता सगळे जेवून झोपले होते.