तांबडं बूड

धरणाच्या पलीकडच्या काठावरून अमरावतीची पहिली एसटी सुटायची. ती चुकली की हीनाची डायलिसिसची पाळी गेलीच. अलीकडच्या सडकेनं वळसा एवढा, की पोचेपर्यंत दुपार व्हायची. म्हणून तिचा नवरा गुलफाम तिला आपल्या मासेमारीच्या लोखंडी पत्र्याच्या नावेतून नेई. पण बुडाला शेवाळाचा असा थर चढला होता, की वल्ही मारून खांदे निखळत आणि नाव पुढं सरकत नसे. खरवडलं, तरी पुन्हा तेच. मागच्या खेपेला गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. हीनाचं तोंड सुजलं, तिला श्वास पुरेना.

"संत्र्याच्या खोडाले आमी मोरचूद लावतो," शेजारचा बागाईतदार सहदेव म्हणाला. "बुरशी धरत नाही, तं शेवाळ काय धरते!"

"त्यात चुना टाकता तुमी."

"चुना झाडासाठी. पाण्यात धुवूनच जाईन तो. तुही नाव काय संत्रं देऊन राहिली?"

गुलफामनं नाव उपडी केली, बूड घासून उघडं पाडलं आणि मोरचुदाचं निळं पाणी वरचेवर चोपडलं. पत्रा तांबूस झाला.

"तांब्याचं बूड झालं, गुलफामभाऊ! आता वहिनीले सुलतानाच म्हना लागते," सहदेव म्हणाला.

शेवाळ खरंच धरलं नाही. नाव सरसर जाऊ लागली. हीना वेळेवर पोचू लागली.

आज भर पाण्यात ती म्हणाली, "अजी, माह्या चपला भिजल्या."

गुलफामनं पायाखालची फळी उचलली. जागोजाग पाणी झिरपत होतं. बोट दाबलं, तर पत्रा पापडासारखा मोडला. तेव्हा त्याला आठवलं: बागेत सहदेव मोरचूद-चुन्याच्या मिश्रणात विळा बुडवून पाही. विळ्यावर तांबूस चढलं की चुना कमी. ते लोखंड खाणार. त्याच रंगावर दोघं खूश झाले होते.

त्यानं नाव माघारी वळवली. हीनानं वल्हं धरलं.

"काहून फिरवता?"

"बुडून राहिलो आपन!"

"मांगं गेलो तं मी घरात बुडीन. मारा वल्हं." तिनं डबा घेतला आणि पाणी उपसू लागली.

पलीकडच्या काठाजवळच्या लव्हाळ्यात नाव खाली बसली. गुलफामनं हीनाला खांद्यावर घेऊन छातीएवढं पाणी तुडवलं. कंडक्टरनं ओरडत का होईना, गाडी थांबवली.

दोघं चढल्यावर हीनानं खिडकीतून पाहिलं. नावेची एक कड तेवढी वर होती.

"परवाच्या डायलिसिसले कसं येऊ आपन?"

गुलफाम तिची ओढणी पिळत राहिला.