खुर्ची धरली, सभा गेली

"तुमी सभा गिळली, साहेब. ढेकर पन नाय दिला."

राघो तालुक्याच्या कचेरीत गटविकास साहेबांच्या टेबलापुढे उभा होता. साहेब भजी खात होते. त्यांनी मान वर केली नाही. तेलाची बोटं मात्र पुसली, तीही राघोच्याच अर्जाला.

राघो शेणव्याच्या पुढल्या एका गावचा पंचायत सभासद. गाव त्याला 'पार्लमेंट' म्हणायचं. बाहेरून बी.ए.ला बसला तेव्हा इतिहासाच्या पुस्तकात त्याला इंग्लंडचा एक जुना खासदार सापडला. राजाला कर हवा, तर तो म्हणे, आधी लोकांचं गाऱ्हाणं ऐका, मग कर मागा. राजाने सभा उठवायचा हुकूम धाडला, तेव्हा या खासदाराच्या सोबत्यांनी अध्यक्षाला खुर्चीतच दाबून धरलं. अध्यक्ष खुर्चीत आहे तोवर सभा उठत नाही, अशी तिथली रीत. बाहेर राजाचा माणूस दार ठोकतोय आणि आत ठराव मंजूर! राजाने खासदाराला कैदेत टाकलं. तिथेच तो क्षयाने मेला. पोराने प्रेत मागितलं, तेही दिलं नाही. इथवर आलं की राघो थुंकायचा.

गावात तरी वेगळं काय होतं? भातसा धरणाचं पाणी मुंबईला, आणि सकुबाई नि तिच्या वाडीतल्या बाया गुरांच्या डबक्यावर. वाडीला नळ हवा, एवढाच ठराव. पण सरपंच जयराम लोक जमायच्या आतच 'कोरम नाय' म्हणून ग्रामसभा तहकूब करायचा. तहकूब सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाही. मग त्याच्या ओसरीवर चार टाळकी, कोंबडी, बाटली, आणि ठराव मंजूर. नळाचा नव्हे, जयरामच्या दारापर्यंत डांबरी रस्त्याचा.

दोन हजार चारच्या पंधरा ऑगस्टला मात्र बाया झेंड्याआधीच येऊन बसल्या. जयरामने इकडेतिकडे पाहिलं आणि तरीही उठला. "कोरम नाय. सभा तहकूब."

राघो आणि त्याचा दोस्त धर्मा यांनी एकेक खांदा धरून त्याला खाली दाबला.

"बस, जयरामशेठ. तू बसलास का सभा बसली."

"सोड रे पार्लमेंट! हे काय तुझं लंडन हाय?"

"लंडन नाय, पन डोकी हाईत," सकुबाई कडाडली. "मोज की मुडद्या!"

राघोने ओरडून ठराव सांगितला. सगळे हात वर गेले. बाया हसत होत्या, टाळ्या पिटत होत्या.

धर्माचं लक्ष शेजारच्या खुर्चीकडे गेलं. ती रिकामी. ग्रामसेवक प्रोसिडिंग बुक आणि शिक्का काखोटीला मारून मागच्या दाराने केव्हाच फटफटीवर किन्हवलीकडे पळाला होता. इथे सभा खुर्चीत बसत नाही, ग्रामसेवकाच्या पेनात बसते. राघोला हे पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

"सापाचं शेपूट धरलंस रे बाबा राघो, तोंड मोकळंच," सकुबाई म्हणाली, आणि तिचं हसू तिथेच विझलं.

बुकात लिहिलं गेलं, 'कोरमअभावी तहकूब'. आणि राघोवर केस लागली, सरकारी कामात अडथळा. दोन रात्री कोठडीत मुताच्या वासात काढून तो सुटला तो थेट कचेरीत आला होता.

"सभा झालीच नाही," साहेब भजी चावत म्हणाले. "मग ठराव कुठला?"

"सभा झालीच नाय, तर मी अडथळा कशात आनला? आनि काम चालू व्हतं, तर ठराव कुठं गेला? दोनातलं एक खोटं हाय, साहेब. कुठलं? तोंडातलं गिळा आनि बोला."